बार्नबी टकची पडवी

बार्नबी टकला मातीत ठेवून आठ दिवस झाले होते आणि त्या दिवशी त्याच्या घरात सामानाची मोजदाद चालली होती. त्यात विशेष काही नाही. माणूस गेला की दोन भले शेजारी घरात येतात, खोल्याखोल्यांतून फिरतात, भांडी, गाद्या, हत्यारं, डुकरं बघून यादी करतात. ती यादी आणि मृत्युपत्र घेऊन वारस शहरात धर्मपीठाच्या कचेरीत जातो. तिथे शिक्का बसला की मेलेल्याचं सगळं जित्याचं होतं. आमच्या नेटलकम गावात सगळ्यांचं असंच होत आलंय.

शेजारी होते हम्फ्री लोहार आणि नेड कसाई. वारस होता ॲम्ब्रोज, बार्नबीचा थोरला मुलगा. शहरात एका वकिलाकडे कारकून. दुसऱ्यांच्या भांडणांवर पोट भरणारा प्राणी, पण रुबाब असा की जेम्स राजा त्याला विचारूनच जेवायला बसतो. घरात शिरला की आधी नाकाला रुमाल लावायचा. म्हणे वाखाचा, बा ज्याचे दोर वळायचा त्या तंतूंचा, वास सहन होत नाही. याच वाखाने त्याला तीस वर्षं खाऊ घातलं होतं, शाळेत घातलं होतं, अंगावर तो काळा कोट चढवला होता. पण ते सोडा.

बहीण लेटिस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आपल्याच घरातल्या पातेल्यांची मोजणी बघत होती. सातव्या वर्षापासून ती बाचं चाक फिरवत आली होती, आणि आता बत्तीस वर्षांची झाली होती. दोर वळणं दोघांचं काम असतं. वळणारा कमरेला वाख गुंडाळतो, त्यातले चार धागे ओढून चाकाच्या आकड्याला अडकवतो, आणि मग चाकाकडे तोंड करून उलटा चालत जातो, पावलापावलाने कमरेचा वाख सोडत. चाक फिरतं, सूत वळत जातं. बार्नबीची पडवी दोनशे पावलं लांब होती. आयुष्यभर तो ती उलटा चालला आणि आयुष्यभर लेटिसने त्याचा चेहरा लांब लांब जाताना बघितला.

तिच्यावरचा घाव असा होता. बार्नबी मरायला टेकला तेव्हा पाद्रीबुवा संधिवाताने अंथरुणाला खिळलेले. लिहिता येणारा दुसरा कोण? हा कारकून. बार्नबी सांगत गेला, ॲम्ब्रोज लिहीत गेला. मग त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी बार्नबी बोलला तसं: घर, पडवी, चाक, वाख, सगळं लेटिसला. ॲम्ब्रोजला माझा रविवारचा कोट, आणि माझा आशीर्वाद, तो मागायला आला तर. म्हाताऱ्याने आपली खूण उमटवली. साक्षीदार म्हणून हम्फ्रीने हातोड्याची आणि नेडने सुऱ्याची खूण काढली. तिघांपैकी एकालाही अक्षर येत नव्हतं.

पुरून आल्यावर ॲम्ब्रोजने कागद उघडला आणि खरोखर लिहिलं होतं ते वाचलं. सगळं ॲम्ब्रोजला. लेटिसला एक गादी, एक कढई, आणि नाताळाच्या आत घर रिकामं. हम्फ्री उसळला, बार्नबी असं बोललाच नव्हता म्हणाला. ॲम्ब्रोजने शांतपणे त्याच्यासमोर कागद धरला आणि विचारलं, हा हातोडा कोणाच्या हातचा? हम्फ्रीच्याच हातचा होता. त्या दिवसापासून तो लोहार लेटिसच्या नजरेला नजर देत नव्हता. पाद्रीबुवांनी अंथरुणातून सांगितलं, की कचेरी कागद मानते. लिहिणाराच साक्षीदारांसमोर कबूल झाला, मरणारा काय बोलला ते स्वतःच्या तोंडाने म्हणाला, तरच हे फिरेल. म्हणजे फिरणार नव्हतं. उद्या सकाळी ॲम्ब्रोज शहरात जाणार आणि नाताळाला लेटिस रस्त्यावर येणार, एवढं सगळ्यांना कळून चुकलं होतं.

दुपारपर्यंत घर मोजून झालं. राहिली पडवी. बाहेर नोव्हेंबरचं धुकं एवढं दाट, की अंगणातली विहीर दिसत नव्हती. हम्फ्री म्हणाला, पडवीत तो जाणार नाही. नेड म्हणाला, तोही नाही. ॲम्ब्रोजने कारण विचारलं. नेड पुटपुटला, की म्हातारा गेल्यापासून संध्याकाळी तिथून चाकाची घरघर येते. लेटिसने तर चाक दोरीने खांबाला बांधून ठेवलंय.

ॲम्ब्रोज हसला. त्याचं ते नाकातलं हसू लेटिसला लहानपणापासून माहीत होतं. तो म्हणाला, असल्या अडाण्यांत माझा जन्म झाला हे मी शहरात कोणाला सांगत नाही. मृत्युपत्र कोटाच्या आत खोचून, दौत-टाक घेऊन तो एकटाच गेला. वळलेल्या दोरांची भेंडोळी पडवीच्या शेवटच्या टोकाला होती. ती आधी मोजायची आणि मग चाकाकडे यायचं, असं त्याने ठरवलं. धुक्यात त्याची पाठ चार पावलांत पुसली गेली.

हे तिघे दारात थांबले. थोड्या वेळाने घरघर सुरू झाली.

तो आवाज लेटिसच्या हाडांत होता. चाक कोणी उगाच फिरवतंय की कामावर आहे, हे तिला झोपेतही कळलं असतं. हे कामावरचं फिरणं होतं, संथ, एका मापाचं.

पुढे आत काय झालं ते ॲम्ब्रोजने त्याच संध्याकाळी पाद्रीबुवांच्या बिछान्याशी बसून सांगितलं, दात वाजत असताना. तसंच सांगतो.

भेंडोळी मोजून तो चाकाकडे निघाला तेव्हा समोरून एक माणूस आला. म्हणजे पाठ आली. उघडी मान, वाकलेले खांदे, कमरेला वाख. उलटा चालत, एक एक पाऊल टाकत. ॲम्ब्रोजला वाटलं, बहिणीने चोरून कोणी मजूर लावलाय. त्याने दरडावलं, की ही माझी मालमत्ता आहे, चाक थांबव. पाठ येतच राहिली. ॲम्ब्रोज बाजूला झाला नाही. मजुरासाठी कोण बाजूला होतं? मग वास आला. वाखाचा, आणि त्याच्याखाली ओल्या मातीचा. कफनात घालतात त्या सुवासिक रोझमेरीच्या काड्यांचाही. आणि मानेवरची ती जुनी गळवाची खूण त्याने ओळखली.

तो मागे सरकला. पाठ तेवढीच पुढे आली. तो सरकत सरकत शेवटच्या भिंतीला टेकला. पाठ हातभर अंतरावर थांबली, आणि तोंड न उघडता कोणी बोलावं तसा आवाज आला.

"वाच..."

ॲम्ब्रोजने कागद काढला. भीतीतही त्या हरामखोराची लबाडी शाबूत होती. त्याने लिहिलं होतं तेच वाचलं. सगळं ॲम्ब्रोजला. पाठ आणखी अर्धं पाऊल त्याच्याकडे आली. त्याच्या छातीला थंडगार वाख लागला.

"वाच..."

पुन्हा तेच वाचलं. आता वाख त्याच्या हनुवटीपर्यंत दाबला गेला होता आणि भिंतीचा दगड मणक्याला टोचत होता. श्वास घ्यायला जागा राहिली नाही.

घरघरीच्या वरून त्याचं ओरडणं ऐकू आलं तेव्हा आधी हम्फ्री धावला, मागून नेड आणि लेटिस. पडवीच्या उघड्या बाजूने ते टोकाशी पोचले. ॲम्ब्रोज भिंतीला चिकटून उभा होता. समोर कोणी नव्हतं. हातात कागद होता, पण डोळे मिटलेले, आणि तो ओरडून म्हणत होता, "घर, पडवी, चाक, वाख, सगळं लेटिसला! ॲम्ब्रोजला रविवारचा कोट, आणि माझा आशीर्वाद, तो मागायला आला तर! हेच बोलला होता तो. मी दुसरं लिहिलं. मी लिहिलं..."

घरघर थांबली. लोहाराने लेटिसकडे बघितलं, आठ दिवसांत पहिल्यांदा.

त्याच संध्याकाळी पाद्रीबुवांनी नवा कागद केला. हम्फ्री आणि नेडने या वेळी पाद्रीबुवांकडून प्रत्येक ओळ तीन तीनदा वाचून घेतली आणि मग खुणा केल्या. ॲम्ब्रोजने निमूट सही केली. लेटिस घरी आली आणि चुलीपुढे बसून पोटभर रडली. घर तिचं राहिलं होतं.

पण अशा माणसांची भीती रात्रभरात वाळते. सकाळ झाली, धुकं विरळ झालं आणि ॲम्ब्रोजच्या नाकाला पुन्हा रुमाल लागला. कचेरीत जायचं काम आता हम्फ्रीकडे गेलं होतं, तेव्हा हा आपला रिकाम्या हाताने शहराला निघाला. लेटिसने फाटकाशी बाचा कोट त्याच्यापुढे धरला. त्याने बोटानेही शिवला नाही. म्हणाला, हा घालून गेलो तर वकिलाकडचे लोक मला दाराबाहेर बसवतील.

"दादा, एक विचारू? काल त्याच्यापुढे तू आशीर्वाद मागितलास?"

"कोणापुढे?"

"बापुढे. नुसता गुडघा टेकायचा होता. लहानपणी रोज टेकायचास. टेकला असतास तर तो वळला असता."

"धुक्यात छाती भरून मला भ्रम झाला, एवढंच," ॲम्ब्रोज म्हणाला. "आणि दोर वळणाऱ्या म्हाताऱ्यापुढे मी गुडघे टेकू? तो जिवंत होता तेव्हाही मी शाळेत गेल्यापासून टेकले नाहीत."

तो गेला. लेटिस कोट छातीशी धरून त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

तासाभराने पलीकडच्या गावची उर्सुला बदकं घेऊन शहराच्या रस्त्याने आली आणि फाटकातूनच भांडायला लागली. रस्त्यावर सूत आडवं कोणी बांधलंय? तिची दोन बदकं त्यात अडकून पडली होती. लेटिसने विचारलं, कसलं सूत. तेवढ्याने उर्सुलाचा राग थोडा उतरला आणि ती सांगू लागली. वाटेत तिला काळ्या कोटातला एक शिष्ट माणूस भेटला. भराभर चालला होता, रामराम नाही की काही नाही. त्याच्या मागून दहा पावलांवर एक म्हातारा येत होता, उलटा चालत. तिला वाटलं, प्यालाय. पुढे गेल्यावर तिने वळून बघितलं, तर बिचाऱ्याच्या हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधलेलं होतं, दाढ दुखल्यावर बांधतात तसं. आणि सूत त्याच्याच कमरेपासून आलं होतं.

मेलेल्याचा जबडा उघडा पडू नये म्हणून ते फडकं लेटिसनेच बांधलं होतं.

उर्सुला गेल्यावर ती पडवीत गेली. चाकाची दोरी सुटून खाली पडली होती. आकड्यापासून सूत निघालं होतं, ताणलेलं, चांगलं पीळदार. पडवीच्या पूर्ण लांबीभर ते गेलं होतं, टोकाच्या भिंतीच्या फटीतून बाहेर, कुंपणावरून, रस्त्याला लागून शहराच्या दिशेने. एवढा वाख एका माणसाच्या कमरेला मावत नाही, हे तिच्याएवढं कोणाला माहीत असणार.

तिने खांबावरचा सुरा काढला आणि सुतावर ठेवला. कापलं की झालं. काही झालं तरी भाऊ होता.

तेवढ्यात सुताला दोन हिसके बसले. वळणारा लांब गेला आणि हाक पोचेनाशी झाली की असे दोन हिसके देतो. म्हणजे, थांबलीस का, फिरव.

लेटिसने सुरा जागेवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि चाकाच्या मुठीला हात घातला.