हत्तीचा तिसरा कान

"काका, थांबा! ती नळी गाडू नका!"

दिशा झेंडूच्या वाफ्यांतून धावत सुटली. मागून चुलतभाऊ ललित आणि मैत्रीण यशश्री. गोटीरामकाकांनी मळ्याच्या फाटकासाठी खड्डा खणला होता. शेजारी सिमेंट कालवून तयार! आणि खांब म्हणून दिशाच्या आजोबांची, आबांची ती कमरेएवढी लांब, जडशीळ लोखंडी नळी.

"पाण्याची जुनी नळी हाय ती," काका म्हणाले. "बाजूला व्हा पोरांनो!"

"आबा म्हणायचे, ती हत्तीवरची तोफ आहे!"

"आबा तर हत्तीला तीन कान असत्यात असंबी म्हणायचे!"

दिशा नळीसमोर आडवी उभी राहिली. आबांना सगळं मखमलाबाद गाव 'तीनकान्या' म्हणायचं. आबा नुसते हसायचे. "तो तिसरा कान एक दिवस दाखवीन तुला," म्हणायचे. तो दिवस यायच्या आधीच, दिवाळीत, ते गेले. त्यांची हाक ऐकावी असं तिला रोज वाटायचं.

"पण खरंच गं," ललित कुजबुजला, "तोफ धडाड् वाजली तर हत्ती त्र्यंबकपर्यंत पळत सुटेल!"

"तू गप रे!" यशश्रीने त्याला चिमटा काढला.

दिशा काकांकडे वळली. "पैज! पाण्याची नळी दोन्हीकडून उघडी असते ना? मग वरून पाणी ओतू. खालून आलं तर खुशाल गाडा!"

"चला!" काका म्हणाले. "दोन्ही टोकं मातीनं तुंबल्यात, एवढंच."

तिघांनी नळी उभी करून पहारीने माती उकरली. खाली, आणखी खाली... ठण्ण! तळ बंद!

ललितने बादली ओतली. खालून थेंबही नाही. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला! तेवढ्यात बुडाजवळचा चिखल विरघळला आणि कडेच्या बारीक भोकातून पाण्याची चिळकांडी थेट काकांच्या सदऱ्यावर!

"हे भोक कसलं?" यशश्री ओरडली.

ललितने सायकल हाणली आणि इतिहासाचे निवृत्त शिक्षक ढुंढिराज गुरुजींना डबलसीट घेऊन आला. गुरुजी भोकावर बोट ठेवून म्हणाले, "इथं बत्ती द्यायची. तोफेचा कान म्हणतात याला."

"कान!" दिशाने टाळी वाजवली. "हत्तीचे दोन आणि वरच्या तोफेचा एक!"

"मोठी तोफ हत्तीवर नाही चालायची," गुरुजी म्हणाले. "पण अशा छोट्या तोफा असत. गजनाल म्हणत. हत्ती बिथरायचेच, म्हणून त्यांचा भरवसा कमी. ही हत्तीवर होतीच, असं मी छातीठोक सांगणार नाही हं. पण शोभते. हिला एक लोखंडी बेचकं लागतं, टेकवून फिरवायला."

दिशा पेरूच्या झाडाकडे पळाली. वाकलेल्या फांदीला आबांनी टेकू दिलेलं ते बेचकं! नळीच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या त्यात खट्कन बसल्या.

"शाब्बास पोरांनो!" गुरुजींनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आजपासून हिची जागा ओट्यावर."

काकांनी थापी खाली टाकली. "चुकलं माझं, दिशे. मीबी हसायचो आबांना. लय हुशार हायस, अगदी त्यांच्यासारखी."

सगळे चहाला गेले. दिशा मागे राहिली. ओल्या लोखंडाला हात लावून ती वाकली आणि त्या बारीक कानात हळूच म्हणाली,

"आबा, तीनच असतात."