भिंगरी का उडेना?

परवा जे विमान झोकात उडालं, ते आज उडेना. बॅटरी पूर्ण भरलेली, तरी आमची भिंगरी शाळेच्या मैदानाच्या टोकापर्यंत धावली आणि थांबली. दोनदा!

“दोन्ही प्रयत्न अयशस्वी. विमान भंगारात द्यावे,” जिल्ह्याहून आलेला यंत्रमानव परीक्षक-नऊ म्हणाला.

“मुळीच नाही!” मी भिंगरीपुढे आडवी उभी राहिले.

भिंगरी म्हणजे माझ्या आत्याने शाळेच्या कार्यशाळेत बांधलेलं, चालकाशिवाय उडणारं छोटं विमान. तीन वर्षांपूर्वी धरणापलीकडच्या पाड्यावर आत्याला साप चावला. लाँचने औषध पोचायला चार तास लागले आणि तिचा पाय गेला. २०६१ साल उजाडलं, तरी औषध लाँचनेच जातं. ते आता भिंगरी नेणार होती, आणि हा डबा म्हणतो भंगार!

“दोष सापडला तर तिसरी संधी असते, नियम मीही वाचलाय. विमानावर कोणती बलं काम करतात, सांग.”

“चार. वजन खाली खेचते. उत्थापक बल (पंखांमुळे मिळणारी उचल) ते पेलते. प्रणोद (पंख्याचा रेटा) पुढे नेतो. कर्षण (हवेचा विरोध) मागे ओढते. सरळ, एकाच वेगाने उडताना उचल वजनाइतकी आणि रेटा विरोधाइतका असतो. जमीन सोडताना मात्र उचल वजनाहून जास्त हवी.”

“वजन परवाइतकंच आहे. पंखाही तसाच फिरतोय. मग उचलच कमी पडतेय. ती येते कुठून?”

“पंख हवेला खाली वळवतो, म्हणून हवा पंखाला वर ढकलते. त्यासाठी हवा पंखाच्या पाठीला धरून वाहावी लागते. पंखाचा आकार मी कॅमेऱ्याने तपासला. बरोबर आहे.”

“हात लावून बघितलास?”

मी पंखाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवलं. खरखर! काल खंडेनवमीला गावातल्या चाळीस बायकांनी भिंगरीची पूजा केली होती. प्रत्येकीने पंखाच्या कडेला कुंकू लावलं आणि अक्षता पडू नयेत म्हणून खळ (पिठाची चिकट पेज) वापरली. ती उन्हात कडक वाळली होती. आम्ही हार तेवढे काढले, अक्षता विसरलो.

“दाणे आडवे आले की हवा पंखापासून सुटते, भोवरे होतात,” मी ओरडलेच. “उचल घटते आणि विरोध वाढतो!”

“पूजेचं पुसू नये गं, पोरी,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मी पुसणार!”

“थांब, शलू.” आत्या कृत्रिम पाय टाकत ओला फडका घेऊन आली. “पहिला टिळा मीच लावला होता. पंख गुळगुळीत हवा हे पोरांना शिकवते मीच, आणि विसरलेही मीच.”

तिने दाणा न् दाणा काढला. मग औषधाच्या कप्प्याच्या आत कुंकवाचं एक बोट लावलं आणि बायकांकडे वळून म्हणाली, “इथे हवा पोचत नाही. झालं समाधान?”

परीक्षकाने तिसरी संधी दिली. भिंगरी धावली, अर्ध्या मैदानातच तिची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि औषध घेऊन ती धरणाकडे निघाली. मी इतकी किंचाळले की घसा बसला.

“उत्तीर्ण,” परीक्षक म्हणाला. “यापुढे पंख हाताने तपासण्यात येतील.”

थोड्या वेळाने धरणापलीकडच्या पाड्यावरून फोन आला. औषध पोचलं होतं, अकरा मिनिटांत.

“अकरा,” आत्या म्हणाली आणि रडू लागली. मग डोळे पुसून तिने माझ्या हातात पाना दिला. “चल. अशा अजून चार बांधायच्यात.”