शिवादादाचा पट्टा

विमला, हसायचं असेल तर आत्ताच उठून जा. मी सांगते ते माझ्या सख्ख्या भावाचं आहे. आणि मी तिथे होते.

रात्र नव्हती हं. भर दुपार होती.

चौतीस सालचा मार्गशीर्ष. मिऱ्या बंदरावरचं आमचं घर. पहाटे दात वाजतील असा गारठा, आणि दुपारी काळ्या वाळूवर पाय ठेववत नाही असं ऊन.

घरात आम्ही तिघी. आई, मी आणि मथुरावहिनी. शिवादादा गलबतावर खलाशी, तो तेव्हा मुंबईला गेलेला.

वहिनीला केळशीहून, तिच्या माहेरून, शिवणाचं हातमशीन मिळालेलं. आमच्या आळीत तेवढं एकच. तिने ठरवलं, एक मोठ्ठी गोधडी करायची. चार माणसं एका ओळीत झोपली तरी पुरेल अशी.

पण एवढी गोधडी अख्खी मशीनखाली जाते होय? सुईच्या बाजूला जागा ती वीतभर. गुंडाळी तिथेच अडकते. म्हणून तिने चार पट्टे केले. एकेक पट्टा वेगळा शिवायचा, कडा मोकळ्या सोडायच्या, आणि शेवटी चारही जोडायचे. ती चाक फिरवायची, मी समोरून वजन तोलून धरायची.

एक पट्टा आईच्या लुगड्यांचा. एक माझ्या परकरांचा. एक वहिनीचा.

चौथा दादाच्या जुन्या सदऱ्यांचा.

तो मात्र व्हायचा होता. कारण आईने बजावलेलं, "दर्यावरच्या माणसाचा कपडा कापू नको हां. त्याचा पाय वाळूला लागंपर्यंत कात्री लावायची नाय."

आमच्यात हे सगळे पाळतात. वहिनीसुद्धा पाळत होती.

मग एक दिवस मचव्यावरचा बाबल्या ओरडतच आला. "वैनी, गलबत जयगडला लागलं! उद्या शिवा घरात!"

आई बाजारात गेलेली. वहिनीच्या तोंडावर काय हसू गो!

"वन्सं, कात्री आणा."

"आणि आई?"

"अहो, जयगडला आले म्हणजे घरीच आले. दर्या संपला की. उद्या येतील तेव्हा गोधडी अंथरलेली दिसली पाहिजे."

मी म्हटलं, आईला येऊ दे. ती म्हणाली, "सासूबाईंना काय, कावळा ओरडला तरी भ्या वाटतं."

आणि कापले तिने. तीन सदरे. कचाकचा.

मशीन सुरू झालं. खर्र... खर्र...

ऐका हं आता. त्या मशीनचा धागा दर हातभर शिवलं की तुटायचा. नेहमीच.

त्या दुपारी एकदाही तुटला नाही.

चाक एवढं हलकं फिरत होतं... मला वाटलं, वहिनी चाक फिरवत नाही. चाकच तिचा हात फिरवतंय.

आणि माझ्या हातातला पट्टा जड होत चालला. ओल्या जाळ्यासारखा.

दुसऱ्या दिवशी गलबत आलं. आम्ही तिघी किनाऱ्यावर. एकेक जण उतरला. उतरला तो आमच्याकडे न बघता बाजूला झाला.

दादा नव्हता.

गलबताचा तांडेल धोंडू पुढे आला. पागोटं हातात. म्हणाला, "काकी, वारा नव्हता, लाट नव्हती. नांगर टाकलेला. काल दुपारी शिवा गलबताच्या काठावर बसून विडी ओढत होता. मधेच म्हणाला, अरे, माझा सदरा कोण ओढतंय? मागं वळला... तर मागं कोणीच नाय. आणि गेला."

"गेला म्हणजे?"

"पाण्यात गेला, काकी. पडल्याचा आवाजसुद्धा नाय झाला. चार जणांनी उड्या टाकल्या. नाय गावला."

आई रडली नाही. तडक घरी आली. मशीनखालचा पट्टा बघितला. वहिनीकडे बघितलं.

"उसव," एवढंच म्हणाली. "एकेक टाका उसव. सगळे सुटले तर दर्या त्याला सोडील. जिवंत नाय, पण मढं तरी देईल. अग्नी तरी द्यायला मिळू दे माझ्या पोराला."

वहिनी बसली उसवायला. जेवायलाही उठली नाही. बोटं सुईने फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पट्टा सुटला.

आम्ही तिघी विहिरीवर गेलो. दाराला बाहेरून कडी.

परत येताना अंगणातच ऐकलं...

खर्र... खर्र... खर्र...

आईची कळशी खाली पडली. दार उघडलं. आत कोणी नाही. मशीनचं चाक थांबत होतं. हळूहळू.

आणि पट्टा... पुन्हा शिवलेला.

कडेपासून कडेपर्यंत. वहिनीपेक्षा सरळ टाके.

मग रोज तेच. ही उसवायची, ते शिवायचं. आम्ही मशीनची सुई काढून ठेवली. तरी खर्र. चाक काथ्याने बांधलं. तरी खर्र. मशीन शेजारच्या ठमाबाईकडे नेऊन ठेवलं. ती दुपारीच परत घेऊन आली. दारात टेकवलं आणि म्हणाली, "नको गो बाय. माझ्या घरात नको." काय झालं ते आजपर्यंत तिने सांगितलेलं नाही.

वहिनी रोज मला विचारायची, "वन्सं, आज किनाऱ्यावर काही लागलं?"

मी रोज सांगायची, "नाही."

आणि पट्टा सुकेना. उन्हात घातला तरी ओला. चव घेतली मी एकदा. खारट.

एक दिवस तो एवढा जड झाला की दोघींना उचलेना. आई म्हणाली, "फाड." वहिनीने मधोमध कात्री घातली.

आम्ही आत काय घातलेलं? जुनी धोतरं. दोन पदर.

आत सदरा निघाला. निळा. अख्खा.

जाताना दादाच्या अंगात होता तो, विमला. गळ्याशी मीच टाका घातलेला, पांढऱ्या दोऱ्याने. निळा दोरा संपलेला म्हणून. तोच टाका.

सगळी बटणं लावलेली. गळ्यापर्यंत.

आई भिंतीला टेकली. वहिनीने सदरा छातीशी धरला आणि एवढंच म्हणाली,

"आले."

त्यानंतर तिने उसवणं सोडलं. आई पाया पडली तिच्या. सुनेच्या पाया पडली गो! "शिवू नको. जोडू नको. माझं पोर अडकंल तिथंच." वहिनीने ऐकलंच नाही. सदरा आत ठेवून पट्टा शिवला. मग चारही पट्टे जोडले.

धागा एकदाही तुटला नाही.

दुपारी ती गोधडी घेऊन आडवी झाली. आम्हाला वाटलं, झोपू दे. कितीतरी दिवसांनी झोपलीय.

दिवेलागणीला आई उठवायला गेली. गोधडीला हात लावला. कोरडी. उन्हातून काढल्यासारखी गरम.

गोधडी बाजूला केली...

वहिनी ओलीचिंब. केसांतून पाणी गळत होतं. भांगात काळी वाळू.

जिवंत होती हं. आहे अजून. दोन वर्षं झाली. वैद्य झाले, देवाला कौल लावून झाला. अंग गार ते गारच. वैशाखातसुद्धा गोधडी सोडत नाही. मशीन आईने खाडीत टाकलं. दादाचं काही लागलं नाही किनाऱ्याला. आई आता जातही नाही बघायला.

वहिनीचं कुंकू कोणी पुसलं नाही. कोण पुसणार? ती रोज दोन ताटं वाढते.

काल काय झालं सांगते. दुपारी डोळा लागत होता, म्हणून मी तिच्याशेजारी टेकले. गोधडीचा कोपरा घेतला अंगावर. तेवढ्यात ती अगदी हळू, पहिल्यासारख्या गोड आवाजात म्हणाली,

"वन्सं, जरा पलीकडे सरा. ह्यांचे पाय उघडे पडतात."

मी सरकले. काय करणार?

वहिनीचे दोन्ही हात मला दिसत होते. उशाशी, गालाखाली.

आणि गोधडी माझ्या अंगावरून... हळूहळू... पलीकडे ओढली गेली.

म्हणून आज जेवल्याजेवल्या घर सोडून इथे तुमच्यात येऊन बसले. ऊन उतरेपर्यंत कोणी उठू नका गो. विमला, तू पण बस.