मालडब्याची दुसरी तुळई

चार सळ्या, आठ नट, एक तुळई.

लोर्ना हॅस्केटनं डब्याखाली सरकून पुन्हा मोजलं. अरुंद रुळांवरच्या त्या जुन्या मालडब्याला दोन आडव्या तुळया हव्या होत्या. ज्या तुळईवर झाडाची साल अजून होती, ती गायब होती. डब्याचं वय ठरवायला नेमकी तीच तपासायला ती कॉलेजातून आली होती. महिन्यापूर्वी संग्रहालयाच्या अध्यक्षाला, व्हिटकम प्रुइटला, तसं पत्रही लिहिलं होतं.

"शेगडीत घातली असेल," प्रुइट म्हणाला. डबा १८८३ चा, कोलोरॅडोतला सर्वांत जुना, असं त्यानं एक जाडजूड पुस्तक लिहून ठरवून टाकलं होतं. "या युफेमियाला सगळं लाकूड म्हणजे सरपण. आज हिच्याकडून कारखान्याची किल्ली काढून घेतोय."

युफेमिया आर्चुलेटा एकोणीस वर्षं इथले डबे दुरुस्त करत होती. "मी जाळली म्हणालात तर हा रंधा तोंडावर बसेल, साहेब."

लोर्ना कपडे झटकत उठली. "प्रुइटसाहेब, या तुळया कधी बदलल्या होत्या?"

"कधीच नाही. दोन्ही मूळच्या. पान एकशे बारा. वाचायची सवय नाही वाटतं?"

"युफेमियाबाई, मी कशाला येणार होते, ठाऊक होतं?"

"कॉलेजची कुणी पोरगी डबा बघायला येतेय. एवढंच सांगितलं यांनी."

"मग चोर तुम्ही नाही." लोर्ना प्रुइटकडे वळली. "झाड कधी तोडलं हे कळायला सालीखालचं शेवटचं वलय लागतं. साल एकाच तुळईला होती, तुमच्याच पुस्तकातल्या फोटोत दिसते. सरपणच हवं असतं, तर या बाहेर रचलेल्या फळ्या काय वाईट होत्या? सळ्या सैल करून, डब्याखाली लोळून कुणी तीच तुळई का काढेल? सालीचं महत्त्व मी एकाच माणसाला लिहिलं होतं. तुम्हाला."

प्रुइट हसला. "आणि सिद्ध कशावरून करणार? हवेवरून? माझं पुस्तक शाळाशाळांत आहे, मुली."

युफेमिया कारखान्यात गेली. परतली तेव्हा हातात वीतभर लाकूड होतं, एका कडेला साल.

"त्याच तुळईचं तडकलेलं टोक. गेल्या उन्हाळ्यात कापलं. कापलेला तुकडा आम्ही टाकत नाही, चिठ्ठी लावून फळीवर ठेवतो. आत आला असतात तर दिसला असता. पण तुमच्या बुटांना भुसा लागतो ना!"

लोर्नानं चिठ्ठी वाचली. डबा, तुळई, तारीख. खाली अध्यक्षांची सही.

"ही सही तुमचीच ना?"

"मी... असल्या चिठ्ठ्या वाचत बसत नाही."

"ते दिसतंच आहे," युफेमिया म्हणाली. "तुळई कुठं टाकलीत?"

प्रुइटनं आपल्या पिकअप ट्रककडे पाहिलं.

लोर्नानं तुकडा घासून गुळगुळीत केला, भिंगाखाली धरला आणि या खोऱ्यातल्या झाडांच्या वलयांच्या वर्षवार तक्त्याशी एकेक वलय जुळवलं. दोनदा.

सालीखालचं शेवटचं पूर्ण वलय : १८९७.