भिंतीला हात लावू नका

त्र्याहत्तरच्या दिवाळीआधी भिसेगावात नामाच्या घराला ऑईलपेंट लागला. आळीतला पहिलाच. पुढच्या खोलीपासून परसदारापर्यंतची लांब भिंत पिस्ता रंगाची झाली. तिच्याजवळून कुणी गेलं की रंगात त्याची सावली हलायची. नामा खोपोलीला कारखान्यात जायचा. घर बघायची ती त्याची बायको विमल. रंगाऱ्यानं जाताना सांगितलेलं तिनं पक्कं ध्यानात ठेवलं होतं. कोमट पाण्यात जरासा साबण घालायचा, मऊ फडकं घट्ट पिळायचं आणि खालून वर पुसत जायचं, म्हणजे ओघळ दिसत नाहीत. घासायचं नाही. सोडा तर मुळीच नको, तकाकी जाते.

अडचण होती ती सासऱ्यांची. आबाजींचे डोळे गेलेले. जन्मभर भाताच्या खाचरात राबलेला माणूस, आता उजवा हात भिंतीला लावून चाचपत परसात जायचा. पेंट नीट वाळतोय तोच कमरेच्या उंचीवर एक मळकट पट्टा उठला.

शेजारची आनंदीबाई रंग बघायला आली आणि नेमके तेव्हाच आबाजी भिंत धरून चालले होते. विमलचा तोल गेला.

"मामंजी, भिंतीला हात लावू नका म्हनून किती येळा सांगायचं? रंग हाय तो! गोठ्याचा कूड नाय!"

चटका बसावा तसा आबाजींनी हात मागे घेतला. "नाय लावत गं," म्हणाले आणि खोलीच्या मधोमध तसेच उभे राहिले. कुठं वळायचं ते त्यांना कळेना. आनंदीबाई पदराआड हसली. विमलही हसली.

त्यानंतर ते सतरंजीवरून उठेनातच. एका दुपारी विमल नळावरून धुणं घेऊन आली, तर सतरंजी ओली आणि आबाजी तोंड फिरवून बसलेले. तिनं त्यांचं धोतर बदललं, सतरंजी उन्हात टाकली. लागेल तेव्हा हाक मारा, मी नेते, एवढं म्हणायचं होतं तिला. पण जीभच उचलली नाही.

तसं पुन्हा कधी झालं नाही. मात्र भिंतीवर हात उमटू लागले.

ओलसर, करडे पंजे. सगळे उजव्या हाताचे. सतरंजीपासून परसदारापर्यंत एकापुढं एक. विमल फडकं पिळून खालून वर पुसायची, भिंत पुन्हा लख्ख व्हायची. दुसऱ्या दुपारी नळावरून येऊन बघावं, तर पंजे परत तिथंच. पुसताना फडक्याला शेवाळासारखा वास यायचा.

म्हातारा मुद्दाम करतोय, असं तिच्या मनानं घेतलं. एक दिवस नळावर निघताना तिनं हळद कालवली आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांना फासली.

"कशापायी गं?" त्यांनी विचारलं.

"हात फुटल्यात तुमचे."

"बरं केलंस," ते म्हणाले. ती परत आली तेव्हाही ते तळवे आभाळाकडे करूनच बसले होते. हळद कुठं सांडू नये म्हणून.

उजव्या तळव्याची हळद पार धुऊन गेली होती. डाव्याची तशीच होती. भिंतीवर मात्र पिवळा ठिपकासुद्धा नव्हता. पंजे होते, ओले, नेहमीसारखेच. विमलनं त्यातल्या एकावर आपला हात धरून पाहिला. तो पंजा तिच्या हाताहून लहान होता. मनगटापाशी रंगावर बारीक ओरखडे होते, बांगड्यांचे असावेत तसे.

ती तशीच सासऱ्यांसमोर जाऊन बसली. त्यांचा डावा हात मांडीवर घेऊन हळद पुसू लागली.

"मामंजी, परसात जायचं झालं तर मला हाक मारीत जा."

"हाक कशाला मारू? तू येतेसच की रोज."

विमलचा हात थांबला.

"बोलत नायस, पन हात धरून नेतेस, परत आनून बसवतेस. कालच नामाला म्हनलं, तुजी बायको तोंडानं फटकळ हाय, पन मनात काय नाय तिच्या." ते जरा हसले. "हात तेवढा गार असतो गं तुजा. नळावरनं येतेस म्हनून."

खरं काय ते त्याच घडीला सांगायला हवं होतं. त्यांचा चेहरा इतका निवांत होता की तिला सांगवेना.

"व्हय," ती म्हणाली. मान मात्र तिनं वर केली नाही.

दुसऱ्या दुपारी ती नळावर गेलीच नाही. आबाजी चुळबुळ करू लागले तशी ती उठली. त्यांचा डावा हात तिनं घट्ट धरला.

"चला मामंजी. पायजे तर भिंतीलाबी हात लावा. रंगाचं काय एवढं."

दोघं हळूहळू निघाले. खोलीत शेवाळाचा वास आला.

अर्ध्या वाटेत आबाजी थांबले.

"आज दोन्ही हात धरलेस व्हय गं?"

विमलनं वळून पाहिलं.

त्यांचा उजवा हात भिंतीच्या बाजूला लांबवलेला होता, जरा उचललेला. बोटं मिटलेली. आणि हाताच्या पाठीवरची सैल, म्हातारी कातडी चार ठिकाणी आत दबली होती.