रागात घेतलेलं माप

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दात परत आला. तिसऱ्यांदा.

पहिल्या दोन्ही वेळी तो दवाखान्याच्या पाकिटातून आला होता, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी : ‘उंच लागते आहे. पुन्हा करा.’ या वेळी पाकीट नव्हतं, चिठ्ठीही नव्हती. दात एका माणसाच्या तळहातावर होता आणि तो माणूस जिने चढून थेट तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला होता.

“ही कॅप कोण बनवतं?”

दातांच्या लॅबमध्ये पेशंट येत नाहीत. माप दवाखान्यात घेतात, ते लॅबमध्ये येतं, त्यावरून कॅप तयार होते आणि परत दवाखान्यात जाते. अकरा वर्षांत तिनं हजारो तोंडं पाहिली होती, सगळी प्लास्टरची. त्यातलं एकही कधी तिच्याशी बोललं नव्हतं. भांडलं तर नव्हतंच.

“मी,” ती म्हणाली.

“मग तुम्हीच घाला. तुम्हाला बसत असेल.”

“टेबलावर ठेवा.”

“तीन आठवडे एका बाजूनं जेवतोय मी. कान दुखतो, डोकं दुखतं. तुम्ही इथे बसून नेमकं काय मोजता?”

“आलेलं माप मोजते. माप तुमचंच आहे.” तिनं चिमटा उचलला, त्याच्या तळहातावरून कॅप उचलली आणि डबीत टाकली. “आवाज खाली. इथे लोक काम करतात.”

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. रुंद खांदे, अंगात सामान वाहून नेणाऱ्या कंपनीचं जाकीट, केसांवर बाहेरच्या धुक्याचा ओलावा. मग त्याच्या भुवया वर गेल्या.

“लाँड्रीच्या वरची खोली... तीन खोकी, एक गादी आणि एक टेबल. त्या टेबलाला आधी हात लावू देत नव्हता तुम्ही मला.”

“तुम्ही ते आडवं करत होता.”

“जिना वळतो तिथे. उभं जात नाही तिथून.”

“गेलं की.”

“मी नेलं म्हणून गेलं,” तो म्हणाला आणि गेला. जाताना दार आपटलं नाही. तेवढं मात्र तिनं टिपलं.

काचेच्या केबिनमधून मॅडम बाहेर आल्या. लॅब त्यांची, शब्दही त्यांचाच शेवटचा. “एकाच पेशंटची तिसरी वेळ,” त्या म्हणाल्या. “शनिवारी तुझे तीन महिने भरतात. ही बसली तर पक्कं पत्र देईन. नाही बसली तर मला वाईट वाटेल, पण देणार नाही.”

त्या पत्रावर काय अवलंबून होतं, हे दोघींनाही माहीत होतं. समुद्राकाठच्या या शहरात नोकरीचं पक्कं पत्र दाखवल्याशिवाय कोणताही घरमालक पुढचा करार करत नाही. इथली भाडी ऐकून वहिनी फोनवर बराच वेळ गप्प राहिली होती, आणि वहिनी गप्प राहणं ही त्या घराच्या इतिहासातली मोठी घटना होती. मग म्हणाली होती, “अहो वन्सं, तिथे कशाला? तुमची खोली आहे तशीच ठेवलीय.” ठेवली होतीच. खोलीही, आणि संध्याकाळी चहाबरोबर ‘आता पुढे काय’ हा प्रश्नही. नवरा तर कोर्टाच्या पायऱ्यांवरच म्हणाला होता, “तीन महिने. तीन महिन्यांत परत येशील.”

नऊ वर्षं नवऱ्याच्या घरात तिला राग आला नव्हता. आला नव्हता, की कुणी येऊ दिला नव्हता, याचा हिशेब तिला अजून लागला नव्हता. घटस्फोटाच्या कागदावर सही केली त्या दिवशी तो आला, आणि आला तो पाहुण्यासारखा नाही, बिऱ्हाड घेऊनच आला. नव्या सुरुवातीसाठी तिनं भांडी टाकली, साड्या वाटल्या, आडनाव बदललं. राग तेवढा सोबत आणला. दूधवाल्यावर, बंद पडलेल्या नळावर, समुद्रावरसुद्धा ती चिडायची. समुद्र पाहायचे इथे वेगळे पैसे पडत. तिची खिडकी लाँड्रीच्या धुराड्याकडे उघडायची.

दुपारपर्यंत तिनं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. त्याचे तिन्ही साचे ओळीनं मांडले, शेजारी मेणाच्या तीन पट्ट्या. कॅपचं माप घेताना पेशंटला मऊ मेण चावायला देतात. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, ते त्यावरून कळतं. तिन्ही पट्ट्यांवरच्या खुणा खोल होत्या, इतक्या की एका पट्टीतून पलीकडचा उजेड दिसत होता. आणि तिन्हींत खालचा जबडा किंचित डावीकडे सरकलेला.

तिनं दवाखान्यात फोन लावला. “डॉक्टर, मेण देताना तुम्ही पेशंटला काय सांगता?”

“सांगायचं काय? घट्ट चावा म्हणतो.”

“आणि हे गृहस्थ त्याआधी किती वेळ बसून होते?”

“गर्दी असते हो... असतील तासभर.”

तिनं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. तासभर ताटकळलेल्या, आधीच धुमसत असलेल्या माणसाला घट्ट चावा म्हटलं, आणि तो चावला होता. तिन्ही वेळा. तिनं बनवलेली कॅप चिडलेल्या माणसाला तंतोतंत बसत होती. तो जेवताना मात्र चिडलेला नसायचा.

तिला स्वतःचाच संताप आला. खुणा पहिल्याच दिवशी समोर होत्या. माप मोजलं, माणूस मोजला नाही.

सामानवाल्या कंपनीत फोन केला तेव्हा पलीकडून कुणीतरी ओरडलं, “लिफ्ट, तुझा फोन.” ज्या इमारतींना लिफ्ट नाही तिथे त्यालाच पाठवत, म्हणून हे नाव. तो चार वाजता आला.

“बसा. खिडकीजवळ.” तिनं कोमट पाण्यात मेण मऊ केलं. “तुमच्या तोंडात हात घालायची मला परवानगी नाही. पट्टी तुम्हीच ठेवा. आणि हलकं चावा... झोपेत चावाल तसं.”

“झोपेत मी दात खातो. डॉक्टर म्हणाले.”

“मग झोपेतही नको.”

तो चावला. जबडा सरकला, डावीकडे. तिनं पट्टी कचऱ्यात टाकली आणि दुसरी भिजवली. पुन्हा तेच. तिसरीच्या वेळी ती म्हणाली, “काहीतरी चांगलं आठवा.”

“उदाहरणार्थ?”

“मला काय माहीत? तुमचं तोंड, तुमचं आयुष्य.”

“आयुष्यात सध्या लोकांची कपाटं आहेत. इथे जन्मलेल्यांची खाली आणायची, बाहेरून आलेल्यांची वर न्यायची. तुमच्यासारख्यांची. सगळे नव्यानं सुरुवात करायला येतात. आमचा शेवट करून.”

तिच्या हातातलं मेण पाण्यात पडलं.

“माझ्यासारखे?” तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “ऐका मग. एका माणसानं नऊ वर्षं मला सांगितलं की मीठ जास्त झालंय. रोज. मीठ नव्हतं त्या दिवशीही. मी एकदा फक्त साखर घातली, बघायला. तो म्हणाला, मीठ जास्त झालंय. मी हसले, तर त्याची आई म्हणाली, हिला डॉक्टरला दाखवा. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी उभी राहून पंगती वाढल्या, आणि फोटोत मी नाही. एकाही नाही. मी विचारलं, तर म्हणाले, तूच तर काढत होतीस. मी नव्हते काढत... मी पाणी देत होते. आणि आता मला धुराड्याची खिडकी मिळालीय, पगाराचा बहुतेक भाग त्या धुराड्यासाठी जातो, आणि तुम्ही येऊन सांगता की ती खिडकीही मी तुमच्याकडून हिसकावली.”

लॅबमधली कापायची यंत्रं थांबली होती. सगळे तिच्याकडे पाहत होते. तो खुर्चीत मागे टेकून बसला होता, हात मांडीवर सैल. दुसऱ्याचा राग ऐकताना माणूस स्वतःचा थोडा वेळ खाली ठेवतो, तसं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

“साखर?” तो हळूच म्हणाला.

“दोन चमचे.”

त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. तिनं पाहिलं, त्याचा जबडा सुटला होता, खालचा ओठ सैल पडला होता. तिनं बोटांनी पाण्यातली पट्टी शोधून त्याच्या हातात दिली.

“आता. बोलू नका... ठेवा. चावा.”

तो चावला. जबडा सरळ मिटला.

ती मनात वीस मोजत उभी राहिली. तो तोंड मिटून तिच्याकडे पाहत राहिला, आणि वीसनंतरही ती मोजतच होती हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

गुरुवारी दवाखान्यात कॅप बसली. दुपारी तो लॅबच्या खालच्या फुटपाथवर उभा राहिला, खिशातून सफरचंद काढलं आणि वर तिच्या खिडकीकडे बघत त्याच बाजूनं ते अख्खं खाल्लं. बियांसकट. ती खिडकीतून हटली नाही. मॅडम मागून म्हणाल्या, “बसली वाटतं.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं समुद्राच्या भिंतीलगत चालत होते. तिथे चालायला अजून पैसे लागत नव्हते. वाऱ्यानं तिची ओढणी सारखी त्याच्या हातावर जात होती. ती ओढून घ्यायची, ती पुन्हा जायची.

“घ्या तुमची,” तो म्हणाला.

“वाऱ्याला सांगा.”

“वाऱ्याचं बरोबर चाललंय.”

ती हसली असती. पण त्यानं तेवढ्यात सांगितलं, “उद्या मी जातोय. गाडी भरून ठेवलीय. आमची इमारत विकली गेली. पाच आठवडे मीच सगळ्यांचं सामान उतरवतोय, तेरा घरं झाली. चौदावं माझं. तीन तासांवर मावसभावाचं गोदाम आहे, तिथे काम मिळेल.”

“सगळे गेले?”

“तळमजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या बाई आणि दोन म्हाताऱ्या तेवढ्या अडून बसल्यात. कोर्टात गेल्यात. मला म्हणाल्या, तुझी सही दे. चौघं झालो तर वकील म्हणतो, केस उभी राहील.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, सही राहू द्या, तुमचं कपाट कुठे उतरवू ते सांगा.”

ती थांबली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे तिला आता नीट माहीत होतं.

“मी ते घर सोडलं, कारण मला ते नको होतं,” ती म्हणाली. “मला कुणी काढलं नाही. मी गेले. तुम्हाला ही जागा हवीय. हवी असून सोडताय, वर स्वतःच उचलून नेताय. आणि राग कुठे काढता? मेणावर.”

“सोपं आहे बोलायला. तुमच्या हातात उद्या पत्र पडेल.”

“पडेल. आणि ते घेताना मला लाज वाटेल. तेही तुमच्यामुळे.”

मग तो भिंतीवर टेकला, समुद्राकडे तोंड करून.

“तीन आठवडे माझा जबडा दुखत होता,” तो म्हणाला. “सोमवार संध्याकाळपासून दुखत नाही.”

“नवी कॅप बरोबर बसलीय म्हणून.”

“कॅप गुरुवारी बसली.”

ओढणी त्याच्या हातावर गेली होती, आणि या वेळी तिनं ती ओढून घेतली नाही.

“हे मला सांगायला नको होतं तुम्ही,” ती म्हणाली. “आज तर नकोच होतं. जायच्या आदल्या दिवशी असलं काही सांगून माणूस निघून जातो आणि स्वतःला मोठा समजतो. मला राग येतोय.”

“दिसतंय.”

“हसू नका.”

“हसत नाही. माझा जबडाच तसा सुटलाय.”

ती एकटीच घरी गेली. त्यानं सोडायला येऊ का विचारलं नाही, याचाही तिला राग आला. विचारलं असतं तरी आला असता.

शनिवारी बारा वाजता मॅडमनी पत्र दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. बारा वीसला तिनं खिडकीतून खाली पाहिलं. सामानवाल्या कंपनीची गाडी फुटपाथला लागून उभी होती, गाड्या लावायला मनाई असलेल्या जागी. मागे दोरखंडानं बांधलेलं कपाट, गुंडाळलेली गादी, उलट्या खुर्च्या. स्टिअरिंगमागे तो. वर बघत नव्हता. पुढेही जात नव्हता.

ती कामाला बसली. कुणाच्या तरी दाढेवर चिनीमातीचा थर चढवला, तो बिघडला, पुसून काढला. पुन्हा चढवला. पावणेएकला उठली.

“कुठे?” मॅडम केबिनमधून म्हणाल्या. “जेवायची सुट्टी एकला.”

“खाली. मला राग आलाय, मॅडम.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “मग जा. यंत्रं बंद करून जा.”

तिनं गाडीचं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि विचारल्याशिवाय आत बसली. पायाशी त्याचा चहाचा थर्मास होता, पुढच्या फळीवर एक कागद. कोर्टाचा. नावाच्या खाली सहीची जागा कोरी. शेजारी पेन, टोपण काढलेलं.

“किती वेळ झाला काढून?” तिनं विचारलं.

“साडेदहापासून.”

“वाळलं असेल.”

“तू आधी विचार तर काय ठरवलंय.”

“‘तू’ म्हणायला कुणी सांगितलं?”

“मग अहो म्हणू? एवढ्या जोरात दार आपटून बसलेल्या बाईला?”

एक वाजून पाच मिनिटांनी वाहतूक पोलिसानं काचेवर दंडाची पावती लावली, आत डोकावला आणि पुढे गेला. तोवर सही झालेली नव्हती. सामान बांधलेलंच होतं, इंजिन बंद होतं आणि आत दोघं एकाच वेळी बोलत होते.