हनुवटी छातीला लाव

आरोग्य खात्यातले गंगाधरराव कोरेगावच्या पूर्वेकडच्या वाड्यावस्त्यांवर मेंदूज्वराचे रोगी हुडकत हिंडत होते. पद्धत साधी. पोराला म्हणायचं, "हनुवटी छातीला लाव." मान वाकली तर ठीक, ताठली तर सल्फाच्या गोळ्या द्यायच्या आणि बैलगाडी जुंपून इस्पितळात पाठवायचं. स्वतःच्या शरयूला मात्र त्यांनी केव्हाच आईबरोबर सांगलीला, आजोळी धाडलं होतं. तिकडे साथ नव्हती. एकुलती एक पोर. तिच्यात त्यांचा जीव अडकलेला.

सुलाबाईच्या वस्तीवर ते सायकल रेटत पोचले. म्हातारी मेंढरांना पाणी दाखवत होती.

"आवं सायेब, काल तर येऊन गेलासा!"

"मी? काल मी कोरेगावात होतो."

"न्हाई वो. हीच टोपी, हीच सायकल. समद्या पोरांच्या माना बी वाकवून बघितल्या. तवा तर बरी व्हती."

आत तिचा नातू तापानं फणफणला होता. मान लाकडासारखी.

पुढच्या गावात तेच. गंगाधररावांना वाटलं, लोकांचा दिवसांत घोळ होत असेल, पण आपणच रोग वाहत असू. साताऱ्याला जाऊन त्यांनी घशात या रोगाचे जंतू आहेत का ते तपासून घेतलं. घशात काही निघालं नाही. मग कुणाला न सांगता त्यांनी वाट बदलली, भलत्याच गावी गेले. तिथंही नाथाजी पाटील हात जोडून उभा. "काल तुमी बघून गेला, आन् सांजंपासनं पोरगी उठंना."

ते ज्या गावाला निघत, तिथं कुणीतरी आदल्या दिवशीच जाऊन येत होतं.

त्यांनी हिंडणंच सोडलं. कोरेगाव स्टेशनच्या बाकावर सुन्न बसून राहिले.

समोरून एक बाई लेकीला कडेवर घेऊन गेली. एकदा सांगलीला जाऊन शरयूला डोळे भरून पाहावं, असं त्यांना वाटलं.

वाटलं मात्र, आणि ते बाकावरून ताडकन उठले.

धावतच ते स्टेशनमास्तरांच्या खिडकीशी गेले. "तार करायचीय. सांगलीला, सासरी."

"मजकूर?"

"मी आलो तर दार उघडू नका."

मास्तरांनी चष्मा काढला.

"गंगाधरराव, बरं आहे ना? काल तुम्हाला मीच मिरजेच्या गाडीत बसवून दिलं."

गंगाधररावांनी तारेचा कागद पुढं ओढला.

"लेकीला बांगड्या घेतल्या होत्यात. मला दाखवल्यात की."

मास्तरांनी बोटांनी एवढंसं माप करून दाखवलं. शरयूचंच होतं.